आईचं वय ७१, दोन्ही गुडघे झिजलेत. ऑपरेशन करून खरंच फरक पडतो का? दोन्ही गुडघे एकदम बदलावेत का?

पडतो. पण घरी व्यायाम कोण करून घेणार, हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि निम्मा निकाल तिथे लागतो.

माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा चौऱ्याहत्तराव्या वर्षी सांगलीत बदलला. त्याआधी रात्री कूस बदलतानासुद्धा कळ यायची, जिना तर सोडूनच दिला होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. घरी आणलं आणि नणंदबाई सेवेला हजर. आईला दुखतंय म्हणून त्यांनी गुडघ्याखाली मऊ उशी सारली. फिजिओने मला बजावलं होतं, उशी गुडघ्याखाली अजिबात नको. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची आणि गुडघा गादीकडे दाबायचा. उशीवर गुडघा अर्धवट वाकलेला राहतो, तसाच आखडतो, मग लंगडणं काही जात नाही. मी उशी काढायची, त्या परत ठेवायच्या. व्यायामाला बसवलं की सासूबाई कळवळायच्या आणि स्वयंपाकघरातून ऐकू यायचं, "म्हाताऱ्या जिवाला कशाला छळतेस गं?"

नणंदबाईंच्या यजमानांचं आणखी वेगळंच. "वाजपेयींनी एवढे गुडघे बदलले, चालत होते का धड?" अहो, ब्रीच कँडीत २००० साली एक आणि २००१ साली दुसरा बदलून घेतला आणि २००४ पर्यंत पंतप्रधानपद सांभाळलं की त्यांनी! तुमच्या सासूबाईंना फक्त भाजी आणायला जायचंय.

जातात आता. भाजी, देऊळ, भिशी, सगळं. मांडी घालता येत नाही, पंगतीत खुर्ची लागते. नणंदबाई पाहुण्यांना सांगतात, आईचं सगळं मीच केलं. असो.

सांधा किती टिकेल ही चिंता ७१व्या वर्षी सोडा. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पंचवीस वर्षांनंतरही सुमारे ८२ टक्के गुडघे टिकून होते. सांध्याच्या किमतीला सरकारने २०१७ मध्ये चाप लावला. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला होता. हॉस्पिटलचं बाकीचं बिल मात्र मोकाट, ते आधी लेखी घ्या.

आता दुसरी बाजूही सांगते. साधारण पाचातला एक पेशंट ऑपरेशननंतरही समाधानी नसतो. सूज काही महिने राहते, जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहू शकतो, आणि शंभरात एखाद्याला जंतुसंसर्ग होतो, तो फार वाईट. दुखणं अजून सोसण्यासारखं असेल तर आधी मनापासून व्यायाम आणि वजन बघा. २०१५च्या एका डॅनिश अभ्यासात वर्षभराने ऑपरेशनवाल्यांपैकी ८५ टक्क्यांना चांगला फरक पडला होता, पण नुसत्या व्यायाम, आहार आणि गोळ्यांवरच्यांपैकीही ६८ टक्क्यांना. म्हणजे व्यायाम हा छळ नव्हे, हे कुणीतरी आमच्याकडे वाचून दाखवा.

दोन्ही एकदम करायचे का, हे हृदय आणि साखर बघून भूलतज्ज्ञच सांगतील. हृदयाचा त्रास असेल तर एकेकच बरा. आणि घरात कमोड नसेल तर ऑपरेशनच्या आधी बसवून घ्या. गवंडी आणि पेशंट एकदम सांभाळणं होत नाही.