लिस्बनमध्ये एक दिवस: आईंचे गुडघे, शाकाहार आणि फादो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या मध्यातला मंगळवार, सकाळी आठ ते मध्यरात्र एवढाच वेळ. सोबत सत्तरीच्या आई, त्यांना अंडं चालतं पण मांस-मासे नाहीत आणि गुडघे दुखतात. तुम्ही दोघं सगळं खाता. यादीत बेलें (नदीकाठचा जुना भाग), किल्ला, २८ नंबरची ट्राम, सिंत्रा (शहराबाहेरचं राजवाड्यांचं गाव) आणि फादो, म्हणजे पोर्तुगीज विरहगीतांची मैफल.

सिंत्रा आणि किल्ला काढा. सिंत्राला जायला लोकलने पाऊण तास, वर बसच्या रांगा. त्यात अख्खा दिवस जातो. किल्ल्यावर पाहण्यासारखी आहे ती तटबंदी, आणि ती सगळी पायऱ्यांची. जो देखावा तिथून दिसतो, त्याहून चांगला फुकटात मिळतो, तो पुढे सांगतो. उरलेला दिवस जेवणाच्या वेळांभोवती बांधा. लिस्बनमधली साधी खाणावळ दुपारी साडेबारा ते तीन चालते, मग थेट संध्याकाळी सातनंतर उघडते. साडेतीनला भुकेले पोचलात तर स्वयंपाकघर बंद असतं आणि फोटोवाली मेनूकार्डं घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या पर्यटकी हॉटेलांतच बसावं लागतं. बहुतेकांचा लिस्बनचा दिवस बिघडतो तो इथेच.

आधी तिकिटाचं. मेट्रोच्या यंत्रातून ‘नाव्हगांत’ नावाचं कार्ड अर्ध्या युरोत मिळतं. प्रत्येकाला वेगळं घ्या, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात ‘झॅपिंग’ म्हणून दहा-दहा युरो भरा. चोवीस तासांचा साधा पास स्वस्त वाटतो, पण तो बेलेंच्या लोकलला चालत नाही. झॅपिंग मेट्रो, बस, ट्राम, लोकल सगळीकडे चालतं. एकदा एक प्रकार भरला की तो संपेपर्यंत त्याच कार्डात दुसरा भरता येत नाही, म्हणून यंत्रावर घाईने बटण दाबू नका.

सकाळी काइश दु सोद्रे स्थानकातून बेलेंला जा. सगळ्या स्थानकांवर थांबणारी गाडी धरा, जलद गाडी बेलेंला थांबत नाही. सात-आठ मिनिटांचा प्रवास आहे. साडेआठला पोचलात तर पहिलं काम न्याहारी. ‘पास्तेइश द बेलें’ हे दुकान १८३७ पासूनचं. शेजारच्या मठात कपड्यांच्या खळीसाठी अंड्याचा पांढरा भाग वापरत, पिवळे बलक उरत, त्यांचे गोड पदार्थ होत, असं सांगतात. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि ती कृती बाहेर आली. ‘पास्तेल द बेलें’ हे नाव फक्त याच दुकानाचं. शहरात इतरत्र मिळतो तो ‘पास्तेल द नाता’. फुटपाथवरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत शेकडो माणसं बसतील एवढ्या खोल्या आहेत, सरळ आत जाऊन बसा.

माणशी दोन सांगा. वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवा, आणि गरम असतानाच खा. चांगल्या पास्तेलची खूण म्हणजे वरचे करपट काळे डाग: भट्टी फार तापलेली असल्याशिवाय ते पडत नाहीत, आणि तशा आचेवरच पदर कुरकुरीत होऊनही आतलं कस्टर्ड थलथलीत राहतं. एकसारखा पिवळा, गुळगुळीत पास्तेल दिसला तर समजा भट्टी मंद होती. शहरातल्या काही दुकानांत पदरांना डुकराची चरबी लावतात, तिला ‘बान्या’ म्हणतात. आईंसाठी प्रत्येक ठिकाणी “तें बान्या?” एवढं विचारा. कॉफीत ‘बीका’ म्हणजे छोटी कडक, ‘गालाँव’ म्हणजे उंच ग्लासात भरपूर दुधाची. आईंना दुसरी आवडेल. चहा हवा असेल तर शब्द आपलाच आहे: ‘शा’.

मग जेरोनिमुश मठ. सोमवारी बंद असतो, तुमचा मंगळवार आहे म्हणून ठीक. तिकीट आधीच ऑनलाइन, साडेनऊच्या पहिल्या वेळेचं काढा. चर्चला तिकीट नाही, पण त्याची रांग वेगळी असते. चर्चच्या दारातून आत शिरताच दोन बाजूंना दोन कबरी आहेत: वास्को द गामा आणि कवी कामोंइश. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, कामोंइशने बरीच वर्षं गोव्यात काढली. ही इमारत सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली आणि खर्च मुख्यतः पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या पाच टक्के करातून भागवला गेला. हे डोक्यात ठेवून दगडातले दोरखंड, पोवळी आणि गोलयंत्रं (आकाशगोलाची कड्यांची प्रतिकृती) बघा, म्हणजे एवढा चुनखडीचा दगड कोणाच्या मिरीवर उभा आहे ते कळतं. प्रांगणाचा खालचा मजलाच पुरेसा आहे, वरच्या मजल्यासाठी आईंना पायऱ्या चढवू नका.

बेलेंच्या मनोऱ्यापर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि मधे रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. आईंना बागेतल्या बाकावर बसवून एकाने जाऊन यायला हरकत नाही, तेही बाहेरूनच. एका बुरुजाच्या तळाशी गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोचला होता. जर्मन चित्रकार ड्युररने न पाहताच ज्याचं चित्र काढलं, तोच हा गेंडा.

परतताना १५ नंबरची ट्राम घ्या. तिचे नवे लांब डबे खालच्या पायरीचे असतात, गुडघ्यांना सोपे. पाकीट मात्र पुढच्या खिशात.

साडेबाराला बाइशा भागात जेवा, पण रुआ आउगुश्ताच्या मुख्य रस्त्यावर नको. आजूबाजूच्या गल्ल्यांत काचेवर हाताने लिहिलेला कागद, टेबलावर कागदी आवरण आणि ऑफिसातली माणसं दिसली की शिरा. ‘प्रातु दु दीया’ म्हणजे आजची थाळी, साधारण दहा ते तेरा युरो. ‘दोझ’ म्हणजे पूर्ण प्रमाण, ते बहुधा दोघांना पुरतं. ‘मेया दोझ’ एकाला. न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर लगेच परत पाठवा.

मेनू वाचताना मराठी कामी येते. पाँव म्हणजे पाव, बटाटा तर बटाटाच, कोव्ह म्हणजे कोबीच्या कुळातली भाजी, आनानाश म्हणजे अननस. दोन शब्द मात्र फसवतात. ‘पेरा’ म्हणजे पेरू नव्हे, नाशपाती. आणि काउंटरच्या काचेत दिसणारा ‘शामूसा’ हा आपला समोसाच आहे, पण आत बहुधा खिमा किंवा चिकन असतं. बटाट्याचा समजून आईंना देऊ नका.

तुम्ही दोघं ‘बाकाल्याउ आ ब्राश’ घ्या: खारवलेल्या कॉड माशाचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा, अर्धवट शिजलेलं अंडं, काळे ऑलिव्ह. हा मासा शिजवण्याआधी एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. हे नीट झालं नसेल तर पदार्थ खारट दोरखंडासारखा लागतो. दुसरा पर्याय ‘आमेइजुआश आ बुल्याँव पातु’: लसूण, ऑलिव्ह तेल आणि कोथिंबिरीतल्या तिसऱ्या. कोकणातल्या माणसाला हे लगेच पटेल. रस्सा पावाने पुसून घ्यायचा. सार्डिन ऑक्टोबरात मागू नका, त्यांचा खरा हंगाम जूनपासून उन्हाळाभर.

आईंसाठी नुसतं “सें कार्न” म्हणजे ‘मांस नको’ पुरत नाही, तेवढ्यावर मासा येतो. “सें कार्न, सें पैश” म्हणा. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या पालेभाजीचं सूप सुरेख असतं, पण त्यात शोरीसु, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. वरची चकती काढून भागत नाही, ते कधी कधी भांड्यातच शिजलेलं असतं, विचारून घ्या. बिनधोक पदार्थ म्हणजे टोमॅटोचा भात, ऑम्लेट, आणि ‘पेइशीन्युश दा ऑर्ता’, म्हणजे ‘मळ्यातले मासे’: पिठात बुडवून तळलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगा. नावात मासा आहे, ताटात नाही. आणि एक चीज आवर्जून खायला द्या: आझैताँव. मेंढीच्या दुधाचं, मऊ, चमच्याने खायचं. ते जनावराच्या रेनेटने (वासरा-कोकराच्या पोटातल्या विरजणाने) नव्हे, एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात, म्हणून त्यांना चालेल.

दुपारी रोसियु चौकाजवळ साँव दुमिंगुशच्या चर्चमध्ये जा. तिकीट नाही, पायऱ्या नगण्य. १७५५ च्या भूकंपात ते मोडलं, १९५९ मध्ये आतून जळालं, आणि डागडुजी करताना भाजलेले, तडकलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले. बाहेर १५०६ मध्ये याच भागात झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. संपूर्ण दिवसात एकच वास्तू शांतपणे बघायची झाली तर मी जेरोनिमुशच्या आधी हिचं नाव घेईन. समोरच ‘आ जिंजिन्या’ हे १८४० पासूनचं इवलंसं दुकान आहे. आंबट चेरीचं मद्य छोट्या पेल्यात, उभ्यानेच प्यायचं. “कों” म्हटलं की चेरीसकट, “सें” म्हटलं की बिनचेरी. यानंतर तासभर हॉटेलवर पाय पसरा, हे कार्यक्रमात धरून ठेवा.

२८ नंबरच्या ट्रामसाठी मार्तिं मुनीश चौकात लोक तास-तास उभे राहतात, आणि तिच्या पायऱ्या उंच आहेत. तिथूनच ७३४ नंबरची बस पकडा, तीही ग्रासाच्या टेकडीवर नेते. साडेपाचच्या सुमारास निघा. त्या दिवसांत सूर्य सातच्या आसपास मावळतो. सज्जा, म्हणजे टेकडीवरून शहर दिसणारी मोकळी जागा, निवडताना दिशा बघा: पोर्ताश दु सोल पूर्वेकडे नदी दाखवतो, तो सकाळचा. संध्याकाळी ग्रासाचा सज्जा बरा: समोर किल्ला, खाली शहर, पलीकडे पूल. सेन्योरा दु मोंत आणखी उंच आहे, पण शेवटचा चढ खडा, आईंसाठी नको.

तिथून आल्फामा या उतारावरच्या जुन्या वस्तीत पायऱ्यांनी उतरावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो, त्यात तिथला चुनखडीचा फरसबंद रस्ता पाऊस पडला की साबणासारखा होतो. रबरी तळव्याचे बूट हवेतच, आणि तुम्ही पुन्हा ७३४ नेच पुढे सांता आपोलोनियाला उतरा. तिथून आल्फामाची सपाट कड लागते.

फादोची जागा हीच सपाटी धरून निवडा आणि दोन-तीन दिवस आधी आरक्षण करा. शाकाहारी ताट हवं हे तेव्हाच कळवा. जेवणासह माणशी पन्नास युरो किंवा वर धरा, काही ठिकाणी किमान खर्चाची अट असते. बारा तारांची पोर्तुगीज गितारा, साधी गिटार आणि एक गळा. तीन-चार गाणी, मग दिवे उजळून मध्यंतर, मग दुसरा गायक. दिवे मंद झाले की बोलणं, काटे-चमचे, फोटो सगळं थांबतं. गाणं चालू असताना आत यायला देत नाहीत, दाराशी थांबावं लागतं. वाढपी त्या वेळी ऑर्डर घेणार नाही, म्हणून पाणी, गोड जे हवं ते मध्यंतरात सांगून टाका. भाषा न कळताही आईंना पोचेल: एक सूर लांबवत नेणं आणि त्यावर सगळ्या खोलीने श्वास रोखणं त्यांना नवं नसेल.

मेट्रो रात्री एकपर्यंत असते, सांता आपोलोनिया हे निळ्या मार्गाचं शेवटचं स्थानक. बाराच्या आत निघालात तर गाडी निवांत मिळते.