ठराव झाला म्हणून निर्धास्त राहू नका, गटवार हरकत द्या

"शक्तिपीठ महामार्गाविरोधात (नागपूर-गोवा) ग्रामसभेचा ठराव एकमताने झाला, मोजणीवाले परत गेले, आता काळजी नाही ना?" दादा, तुमचा हा प्रश्न वाचून धस्स झालं. आमच्या गावात चौपदरीच्या वेळी हेच बोलणं चालायचं.

ठराव कराच. कोल्हापुरापुरती अधिसूचना ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर रद्द झाली ती लोकांच्या रेट्याने. पण जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी 20 हजार 787 कोटींना मंजुरी दिलीच की!

आमचा रस्ता केंद्राच्या 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली होता. 3अ ची (जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी) अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत द्यायची. लोकांनी दिल्या. ज्या कार्यालयात दिल्या (नाव घेत नाही, भावकीची मोबदल्याची प्रकरणं अजून तिथेच आहेत) तिथल्या आवक टेबलावर गठ्ठा ठेवून घेतला आणि म्हणाले, "साहेब आले की एकदम शिक्का मारून देतो." साहेब दौऱ्यावर, मग रजेवर, मग शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. मुदत गेली. आदेश हातात आला तर निम्म्या गट नंबरांसमोर 'हरकत प्राप्त नाही'. ज्यांच्या प्राप्त झाल्या त्यांनाही सरसकट एकच ओळ, 'प्रकल्प सार्वजनिक हिताचा असल्याने अमान्य'. विहीर जाणाऱ्यालाही तीच, घर जाणाऱ्यालाही तीच. आणि एकमताचा ठराव? 'अवलोकन केले.' पुढे 3ड ची (संपादनाची अंतिम) घोषणा निघाली, जमीन सरकारच्या नावावर गेली आणि भांडण फक्त पैशाचं उरलं. आजही लिहिताना डोकं तापतं.

तुमचं संपादन राज्याच्या 1955 च्या महामार्ग कायद्याखाली आहे. कलमं वेगळी, त्यामुळे मुदत तुमच्या नोटिशीत वाचून घ्या, माझ्यावर विसंबू नका. मी वकील नाही. पण पोच मिळाल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, आणि तोच कागद त्याच दिवशी स्पीड पोस्टानेही टाकायचा, हे कुठल्याही कायद्यात चालतं.

छापील नमुन्यावर सह्या गोळा करू नका. पुढारी तसंच सांगतील, त्यांना फोटोसाठी गठ्ठा मोठा हवा असतो. तुमच्या गटाचं दुखणं तुमच्या हरकतीत हवं. शिरोळकडचे असाल तर 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा, पंचनामे, फोटो जोडा आणि रस्त्याच्या भरावामुळे पाणी कुठे तुंबेल ते नकाशावर दाखवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाणीपुरवठा संस्थांच्या पाइपलाइनकडे. जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) रस्त्याच्या एका अंगाला, ऊस दुसऱ्या अंगाला. ज्याची गुंठाभरही जमीन जात नाही तो 'बाधित' यादीत येत नाही, पण पाणी त्याचंच तुटतं. संस्थेच्या लेटरहेडवर, सभासदांच्या गटांच्या यादीसह वेगळी हरकत द्या.

सातबारा आत्ताच बघा. विहीर, बोअर, झाडं नोंदलेली नसतील तर तलाठ्याकडे आजच अर्ज. सामाईक खातं असेल तर पुण्या-मुंबईतल्या भावंडांना आधी फोन करा, संमतीच्या कागदावर पहिली सही बहुधा तिकडूनच होते.

आणि मोजणीच्या पोरांवर हात उगारू देऊ नका. ती बिचारी रोजंदारीवरची असतात, आणि सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा नोंदला तर भरतीच्या तयारीतल्या पोराला चारित्र्य पडताळणीत अडचण येते. आमच्याकडे दोघांना आली.