उपवासाला गोड पाव, वर चीज?
प्रश्न : भाचा मेक्सिकोत नोकरीला आहे. तो म्हणतो, तिथले कॅथलिक ईस्टरआधीच्या उपवासात गुळाच्या पाकातला पाव चीज घालून खातात. आमच्या शेजारच्या मावशी तर त्या दिवसांत शुक्रवारी मटणाला शिवत नाहीत. मग हा कसला उपवास?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, भाचा थापा मारत नाही. मटण तिथेही शुक्रवारी बंदच. गोडाला मात्र आडकाठी नाही. आपण एकादशीला साबुदाण्याची खिचडी हाणतोच की! त्या पदार्थाचं नाव कापिरोतादा. शिळ्या पावाचे भाजलेले तुकडे, मनुका, शेंगदाणे, चीज. वरून उसाच्या गुळाचा दालचिनी-लवंग घातलेला पाक. पाव म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, लवंगा क्रूसाचे खिळे, असं घरोघरी सांगतात. रविवार पेठेतला गूळ आणून करून बघा. चीज बेतानंच घाला, मला ते जरा जास्तच वाटलं.

बाकी, ईस्टरआधीच्या आठवड्यात तिथे शाळांना सुट्टी, घरची मंडळी समुद्रावर. मेक्सिको सिटीतल्या इस्तापालापात 1833च्या कॉलऱ्यानंतर बोललेल्या नवसापोटी 1843पासून ख्रिस्ताच्या यातनांचं नाट्य रस्त्यावर होतं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी ख्रिस्ताला दगा देणाऱ्या ज्यूडास या शिष्याचा कागदी लगद्याचा पुतळा फटाके लावून उडवतात. त्याच दिवशी एकमेकांवर पाणी ओतायची रीतही आहे, पण पाणीटंचाईमुळे राजधानीत आता त्याला दंड होतो.