स्पॅनिंग ट्री पाठ करू नकोस, कागदावर सोडव

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्किंगमध्येच नोकरी करायची आहे. स्पॅनिंग ट्रीची (स्विचच्या जाळ्यात डेटा गोल फिरत राहू नये यासाठीच्या प्रोटोकॉलची) व्याख्या, पोर्टच्या अवस्था, टायमर सगळं पाठ आहे. तरी दोन मुलाखतींत ‘तीन स्विच काढा आणि कोणता पोर्ट ब्लॉक होईल ते सांगा’ इथे अडकलो. हा विषय सोडून क्लाउडकडे वळू का?

उत्तर : क्लाउडकडे जरूर वळ, पण या विषयाला घाबरून नको. तुझं घोडं कुठे पेंड खातंय ते पत्रातच दिसतं. उत्तरं पाठ आहेत, पण हा प्रोटोकॉल मुळात कशाला लागला, ते तू कधी डोळ्यांसमोर आणलेलं नाहीस.

आयपी पॅकेटला टीटीएल (टाइम टू लिव्ह) नावाचा आकडा असतो. दर राउटरला तो एकाने घटतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेट फ्रेमला अशी मर्यादाच नाही. त्यामुळे त्रिकोणात जोडलेल्या स्विचमध्ये एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीची) फ्रेम शिरली की ती फिरतच राहते. बघता बघता लिंक तुंबतात. एकच मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसू लागतो. पण एक केबल तुटली तर दुसरी हवीच, म्हणून त्रिकोण तर ठेवायचा आहे. हा पेच रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी या संगणक कंपनीत काम करताना सोडवला : केबल राहू द्यायची, फक्त एका पोर्टवरून डेटा जाऊ द्यायचा नाही.

आता कागद घे. अ, ब, क असे तीन स्विच, सगळ्या लिंक एक गिगाबिटच्या, म्हणजे प्रत्येकीची कॉस्ट (त्या वाटेचा ‘खर्च’ सांगणारा आकडा) ४. प्रायॉरिटी सगळीकडे मूळचीच, ३२७६८. मग सर्वांत लहान मॅक पत्ता ज्याचा, तो रूट, म्हणजे या झाडाचं मूळ. समज, तो अ. (कुणी प्रायॉरिटी बदललीच नाही, तर कोपऱ्यातला सर्वांत जुना स्विचही रूट होऊन बसू शकतो. हे मुलाखतीत आपणहून सांग.) ब आणि क यांचे अ-कडे जाणारे पोर्ट रूट पोर्ट झाले. उरली ब-क लिंक. दोघांचीही रूटपर्यंतची कॉस्ट ४, म्हणून लहान ब्रिज आयडीवाल्याचा (ब्रिज आयडी म्हणजे प्रायॉरिटी आणि मॅक पत्ता मिळून) पोर्ट चालू राहतो आणि दुसऱ्याचा ब्लॉक होतो. ब्लॉक झालेला पोर्टही बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे संदेश) ऐकत असतोच.

हेच पॅकेट ट्रेसर या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये करून बघ. आधी स्पॅनिंग ट्री बंद करून एकच पिंग पाठव. मग ती चालू करून एक केबल काढ आणि घड्याळ लाव. जुन्या पद्धतीत सावरायला ३० ते ५० सेकंद लागतात, रॅपिड या नंतरच्या पद्धतीत बहुधा काही क्षण. टायमर पाठ करावे लागणार नाहीत.

पुढच्या मुलाखतीत कागद मागून घे आणि आधी रूट कोणता ते लिही.