पतधोरण कुणाचं, आणि दर ठरवतं कोण?

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘पतधोरण जाहीर. रेपो दर पाव टक्क्यानं कमी.’ ते वाचून एका सभासदानं विचारलं, “म्हणजे आता आमची पत नव्यानं ठरवणार काय?” रांगेत मागं उभे असलेले एक काका म्हणाले, “इलेक्शन आलं असणार, म्हणून सरकारनं व्याज कमी केलं.” ताई विचारतात : इथं ‘पतधोरण’ हा शब्द बरोबर आहे, की ‘मौद्रिक धोरण’ लिहावं? आणि काकांचं वाक्य मराठी म्हणून ठीक असलं, तरी खरं आहे का?

आधी पत. हा शब्द मी शाळेत नाही, गुळाच्या सौद्यात शिकलो. शाहूपुरीची गुळाची पेठ १८९५ सालची, शाहू महाराजांनी वसवलेली. लहानपणी आजोबांबरोबर सौद्याला जायचो. व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडून रंग बघायचे, खडा जिभेवर ठेवायचे आणि पुढच्या रव्याकडं जायचे. पण माझं लक्ष अडत्याच्या गादीकडं असायचं. गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आधीच आजोबा तिथून उचल घेऊन यायचे, आणि कागदावर सही केलेली मी कधी पाहिली नाही. वहीत एक ओळ पडायची, बस्स. घरी विचारलं की उत्तर एकच, “पत हाय आपली.”

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदं बघा. पत असते, वाढते, राहते, जाते. आपण ती राखतो किंवा घालवतो. पण दुसऱ्यानं ‘माझी पत काढून घेतली’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. पत ही लोकांच्या मनात असते, तिथून ती कमी होते. पतसंस्था, पतपेढी, पतपुरवठा, पतमानांकन ही सगळी याच शब्दाची घरं. म्हणून त्या सभासदाला पडलेली शंका अगदी रास्त आहे.

मग रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाला पतधोरण का म्हणायचं? कारण एके काळी ते अक्षरशः पतधोरणच होतं. १९९० च्या दशकापर्यंत रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा, हंगाम बघून, कर्जपुरवठ्याचं धोरण जाहीर करायची. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेजीचा हंगाम, मे ते ऑक्टोबर हा मंदीचा. ही वाटणी शेतमालावरून आली होती : पीक बाजारात आलं की व्यापाऱ्याला पैसा लागतो, कारखान्याला लागतो, अडत्याला लागतो. आपल्याकडचा गळीत हंगाम त्या वेळापत्रकात जवळजवळ तंतोतंत बसतो. कुणाला किती कर्ज, कोणत्या मालावर किती, कोणत्या दरानं, हे वरून ठरायचं. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर तर कर्ज कुणाकडं जावं हा उघड राजकीय प्रश्न झाला, आणि शेती, लघुउद्योग यांचा वाटा बांधून दिला गेला. त्या काळच्या धोरणाला दुसरं नाव शोभलंच नसतं.

आज गोष्ट बदलली आहे. आता मुख्य निर्णय एका दराचा असतो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या दरानं पैसे देते तो रेपो दर. बाकी कर्जांचे दर त्याच्या मागून कमीजास्त वेगानं चालतात. म्हणजे शब्द जुन्या व्यवस्थेचा आणि काम नव्या व्यवस्थेचं. तरीही मी पतधोरणाच्याच बाजूचा आहे. ‘मौद्रिक’ हिंदीतून आलेला आहे. मराठी कानाला मुद्रा म्हटलं की राजमुद्रा आठवते, नाहीतर चेहऱ्यावरची मुद्रा. ‘चलनविषयक धोरण’ शुद्ध आहे, सरकारी पत्रात ते शोभेल. ‘नाणेधोरण’ मला आवडतं, पण ते रुळलं नाही. शिवाय पतधोरणात आणखी एक अर्थ टिकून आहे, त्याच्याकडं पुढं येतो.

आता काकांचं वाक्य. इथं मराठीची एक देखणी सोय कामाला येते. आपल्याकडं ठरणे आणि ठरवणे, उतरणे आणि उतरवणे अशा जोड्या आहेत. ‘दर उतरले’ म्हटलं तर ते आपोआप, बाजारात उतरले. ‘दर उतरवले’ म्हटलं की कुणीतरी उतरवले, त्याचं नाव सांगावं लागतं. अर्थकारणाच्या बातम्यांत हा फरक जपला, तर निम्मा गोंधळ मिटेल.

रेपो दर ठरवला जातो. तो ठरवते सहा जणांची पतधोरण समिती : तिघं रिझर्व्ह बँकेचे, गव्हर्नर धरून, आणि तिघं केंद्र सरकारनं नेमलेले. मतं समसमान पडली, तर गव्हर्नरांना आणखी एक मत. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात दुरुस्ती करून ही रचना आणली. कोणी काय मत दिलं, ते चौदाव्या दिवशी इतिवृत्तात छापून येतं.

पण समितीनं गाठायचं लक्ष्य सरकार ठरवतं. किरकोळ महागाई, म्हणजे ग्राहकाला दुकानात जाणवणारी दरवाढ, ४ टक्के, खाली २ आणि वर ६ ची मर्यादा : हे लक्ष्य रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून सरकारनं २०१६ साली ठरवलं आणि २०२१ साली पुढच्या पाच वर्षांसाठी कायम ठेवलं. सलग तीन तिमाही महागाई मर्यादेबाहेर राहिली, तर बँकेला सरकारला लेखी कारणं द्यावी लागतात. २०२२ साली ती वेळ आली.

म्हणूनच ‘रिझर्व्ह बँक स्वतंत्र आहे’ असं लिहू नये, ‘स्वायत्त आहे’ असं लिहावं. स्वायत्त म्हणजे नेमून दिलेल्या कामात स्वतःच्या अखत्यारीतली. कुठं जायचं ते निवडून आलेलं सरकार सांगतं, कसं जायचं ते बँक बघते. ही रेघ आजवर अनेकदा घासली गेली आहे. १९५७ च्या सुरुवातीला गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी मतभेद झाल्यावर राजीनामा दिला. त्या वादात पंतप्रधान नेहरू अर्थमंत्र्यांच्या बाजूनं उभे राहिले होते.

काकांचा संशय मात्र एका प्रसंगावर तपासून बघू. २०२४ च्या लोकसभेला कोल्हापुरात ७ मे रोजी मतदान झालं. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ अशी दोन वर्षं रेपो दर साडेसहा टक्क्यांवरच होता. निवडणुकीआधी तो उतरवला गेला नाही. सरकारनं हालचाल केली ती दुसऱ्या बाजूनं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली. त्याच महिन्यात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, आणि ते आपल्या कारखान्यांनी चांगलेच अनुभवले. महागाईचं राजकारण व्याजाच्या वाटेनं आलं नाही, ते मालाच्या पुरवठ्याच्या वाटेनं आलं. मतदाराला कांदा दिसतो, साखर दिसते. रेपो दर दिसत नाही. काका राजकारण ओळखण्यात चुकले नाहीत, ते कुठून आत येतं हे सांगण्यात चुकले.

आणि जे ठरवलं जात नाही, ठरतं, ते बाजारात. ३ जून २०२४ ला मतदानोत्तर अंदाजांवर सेन्सेक्स अडीच हजार अंकांहून जास्त उसळला आणि दुसऱ्या दिवशी, प्रत्यक्ष मतमोजणीत, सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. बहुमताचा अंदाज चुकला, एवढंच कारण. शेअर बाजाराची ही धावपळ टीव्हीवर दिसते. सरकारी रोख्यांचा बाजार त्यापेक्षा शांत, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा. सरकार खर्चासाठी रोखे विकून कर्ज काढतं, आणि त्यावर किती परतावा द्यावा लागेल ते खरेदीदारांच्या बोलीतून ठरतं. मतदारांना दिलेली आश्वासनं पैशात मोजली जातात ती इथं.

पूर्वी सरकारला ही बोली चुकवता यायची. तूट आली की तात्पुरत्या कोषागार हुंड्या, म्हणजे सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जाच्या चिठ्ठ्या, रिझर्व्ह बँकेच्या नावे काढल्या जायच्या, बँक त्या घ्यायची आणि सरकारच्या खात्यात पैसा जमा व्हायचा. आपण ज्याला ‘नोटा छापणं’ म्हणतो ते हेच. १९९७ साली ही वाट बंद झाली. तेव्हापासून सरकारलाही अडत्याच्या गादीसमोर उभं राहावं लागतं, आणि वहीत ओळ पडेल की नाही ते पत किती आहे यावर अवलंबून असतं. पतधोरणातला टिकून राहिलेला अर्थ मी म्हणालो तो हा.

सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये तो उघडा पडला. पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारनं पैसा कुठून येणार ते न सांगता मोठी करकपात जाहीर केली. काही दिवसांत पौंड गडगडला, सरकारी रोख्यांचा परतावा भडकला आणि बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, रोखे विकत घ्यावे लागले. २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. ‘त्यांची पत गेली’ एवढं तीन शब्दांचं मराठी वाक्य तिथं पुरेसं होतं.

तर ताई, फळ्यावर असं लिहा : ‘रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर. पतधोरण समितीनं रेपो दर पाव टक्क्यानं उतरवला.’ कर्ता दिसू दे, म्हणजे काकांनाही विचारायला नेमकं नाव मिळेल. तुमच्या संस्थेचं जे धोरण आहे, कुणाला किती कर्ज आणि कशावर, त्याला ‘कर्जधोरण’ म्हणा. आणि त्या सभासदांना सांगा, त्यांची पत या पाव टक्क्यानं बदललेली नाही.