वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे मूळ रूप

प्रश्न : आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत, १९५९ साली घेतलेली फोक्सवॅगन बीटल गेली वीस वर्षे आमच्या पडवीत उभी आहे. गॅरेजवाले म्हणतात, की तळाचा पत्रा कापून नवा घालावा, ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची वायरिंग करावी आणि वळताना बाजूने बाहेर येऊन दिशा दाखवणारे ‘हात’ काढून साधे इंडिकेटर बसवावेत. मला गाडी कारखान्यातून आली तशी हवी आहे. सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, डिचोली

उत्तर : सर्वप्रथम गॅस-कटर दूर ठेवायला सांगा. मागचे बाक उचललेत, की मधल्या उंचवट्यावर चेसी नंबर ठोकलेला दिसेल. पत्रा बदलताना तो उंचवटा कापला गेला, तर गाडीची ओळखच भंगारात जाते. नंबर खरवडू नका, रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि फोटो घ्या. हाच नंबर पुढच्या डिकीत, जादा चाकामागच्या पट्टीवरही असतो. दोन्ही जुळले, तर जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगनच्या संग्रहालयाकडे शुल्क भरून गाडीचा जन्मदाखला मागवता येतो. त्यावर उत्पादनाची तारीख, मूळ रंग आणि इंजिन नंबर मिळतो, आणि मग रंगाबाबत काका-मामांच्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागत नाही. दाखला येईपर्यंत पेट्रोलची टाकी उतरवून खालचा पत्रा पाहा. वरून कितीही वेळा रंग मारला असला, तरी तेथे बहुधा पहिलाच रंग शिल्लक असतो.

इंजिन मूळचे आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. १९६०च्या ऑगस्टपूर्वीच्या ३० अश्वशक्तीच्या इंजिनात डायनामोचा पाया क्रँककेसबरोबरच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाबरोबरच, ओतलेला असतो. तो बोल्टने बसवलेला दिसला, तर इंजिन नंतरचे आहे. भाग मागवतानाही हे साल मनात ठेवावे लागते. बीटल मेक्सिकोत २००३पर्यंत बनत राहिल्यामुळे तिचे बरेच भाग आजही नव्याने तयार होतात, पण विक्रेत्याला नुसते ‘बीटल’ सांगितल्यास येणारे पार्सल १९६०नंतरच्या इंजिनाचे निघण्याची शक्यता मोठी. म्हणून ऑर्डर देताना चेसी नंबर लिहावा, जुन्या भागावरचा आकडा लिहावा, आणि जमल्यास तो भाग मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटोही पाठवावा.

तळाचा पत्रा मात्र बदलावा लागेल, असे मलाही वाटते. बॅटरी मागच्या बाकाखालीच असते. तिचे आम्ल, समुद्राची खारी हवा आणि आपला चार महिन्यांचा पाऊस यांनी मिळून त्या कोपऱ्याची चाळण केलेली असणार. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज येतो तो पत्रा राहू द्या, आणि बद येतो तेवढाच कापून तुकडा जोडा. लांबी (पुटी) भरून भोक लपवणाऱ्याला काम देऊ नका.

१२ व्होल्टच्या मोहात पडू नये. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून गंजलेल्या जोडणीचा आणि बारीक वायरीचा त्रास तेथे आधी जाणवतो. जुन्या मापाची जाड वायर घाला, अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घासा. मंद दिव्यांची तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते. दरवाजामागच्या खांबातून बाहेर येणारे ते हात तर गाडीचा दागिना आहेत. अडकत असतील, तर धूळ काढून बिजागरीला पातळ तेलाचा एक थेंब द्या. ब्रेकची रबरे आणि पेट्रोलची नळी यांत मात्र जुनेपणाचा हट्ट नको. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारीच नळी घ्या.

आसनांत रबरात भिजवलेला काथ्या असतो. गोव्यात काथ्याला फोमचा पर्याय शोधण्याची वेळ यावी, हे मला तरी पटत नाही!

प्रश्न : साठ वर्षांच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करून घ्यावी का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी त्यास पात्र ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, मुदत दहा वर्षांची असते, आणि क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारहाटाला गाडी लागत असेल, तर या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : १९७५च्या प्रीमियर पद्मिनीचे बंपर पुन्हा क्रोम करावेत, की नवे घ्यावेत? — एक वाचक, मडगाव

उत्तर : जुन्या बंपरचा पत्रा जाड असेल, तर क्रोमच करा. निकेलच्या आधी तांब्याचा थर देणार का, हे कारागिराला विचारा. तो थर टाळलेले काम आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात फुगते. मी एकदा चाकांच्या टोप्या न पाहता पॉलिशला दिल्या आणि त्यांवरची उठावाची अक्षरे पार घासून आली. तेव्हापासून भाग देताना अक्षरांवर चिकटपट्टी लावून तेथे हाताने घासायला सांगतो.