लोकांनी कौतुक केलं की मी "सगळं श्रेय देवाला" म्हणतो, पण मनातून सुखावतो. खरी नम्रता अंगी कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की मंडळीत (चर्चमध्ये) संदेश दिल्यावर लोक येऊन कौतुक करतात, तुम्ही लगेच "सगळं श्रेय देवाला" म्हणता आणि घरी गेल्यावर तेच कौतुक मनात घोळवत बसता. हे ढोंग आहे का, असा तुमचा प्रश्न. माझ्या मते ढोंग नाही, पण काम अर्धंच झालंय. तोंडाने श्रेय दिलं, मनातला हिशेब मात्र अजून तुमच्याच नावावर आहे.

कौतुक ऐकून बरं वाटणं हे पाप नाही. आणि केलेलं काम नाकारणं ही नम्रताही नाही. बायबलमध्ये १ करिंथ १५:१० मध्ये प्रेषित (येशूचा संदेश पसरवायला पाठवलेला सेवक) पौल सरळ सांगतो की इतर सगळ्या प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले, आणि लगेच पुढे म्हणतो की ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने. श्रमही खरे, कृपाही खरी. आठवडाभर तयारी करून "छे, मी काहीच केलं नाही" म्हणणं खोटं आहे, शिवाय त्यामुळे समोरच्याला आणखी दोनदा कौतुक करावं लागतं.

म्हणून कोणी "फार छान बोललात" म्हटलं, तर आधी साधं "धन्यवाद" म्हणा. मग बोलणं वचनाकडे आणि त्या माणसाकडे वळवा: "या वचनाने मलाही आठवडाभर धरून ठेवलं होतं. तुम्हाला त्यातलं काय भिडलं?" बहुतेकदा इथेच त्या माणसाची खरी गरज बाहेर येते आणि पुढची पाच मिनिटं तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करत असता. तयारीत कोणी मदत केली असेल तर त्यांचं नाव घ्या. देवाची कृपा बऱ्याचदा माणसांच्या हातून पोचते. देवाला श्रेय देताना त्या माणसांना गाळलं, तर सगळं आपणच थेट देवाकडून आणलं असं ऐकणाऱ्याला वाटतं.

त्याच रात्री दहा मिनिटं काढा. १ करिंथ ४:७ मध्ये पौल विचारतो, तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? हा प्रश्न कागदावर उतरवून उत्तरं नेमकी लिहा: हे वचन मला पहिल्यांदा कोणी शिकवलं, तयारीला बसलो तेव्हा घरचं काम कोणी उचललं, आवाज, तब्येत, वाचता येणं. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे आभार माना. "सगळ्यासाठी धन्यवाद प्रभू" एवढ्यावर थांबलात तर मन हलत नाही. मग जे चुकलं तेही एका ओळीत लिहा, म्हणजे कागद एकतर्फी होणार नाही. नंतर कौतुक पुन्हा आठवलं तर त्याच्याशी झगडू नका. अहंकाराशी झटण्यातही लक्ष आपल्यावरच राहतं. "हे तुझं आहे, प्रभू" म्हणा आणि हातातल्या कामाला लागा.

बिघडतं कुठे, हे बायबलच्या "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिलं की कळतं. १२ व्या अध्यायात हेरोद राजाचं भाषण ऐकून लोक ओरडतात, "ही देवाची वाणी आहे, माणसाची नव्हे." हेरोद स्वतः तसं काही म्हणत नाही, फक्त ते चालू देतो, आणि देवाला गौरव न दिल्यामुळे त्याचा नाश होतो. १४ व्या अध्यायात लुस्त्र गावचे लोक पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांना देव समजून बैल आणि माळा आणतात, तेव्हा हे दोघे आपली वस्त्रं फाडून गर्दीत घुसतात आणि "आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत" असं ओरडतात. पुढे बाहेरगावच्या विरोधकांनी चिथावल्यावर तोच जमाव पौलाला दगडमार करतो. कौतुकावर जगणारा माणूस तिथे मोडला असता. पौल उठून पुन्हा त्याच गावात गेला.

दुसरी जागा मला जास्त धोक्याची वाटते, कारण तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. गणना १२:३ मध्ये इस्राएली लोकांचा पुढारी मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता असं म्हटलंय. त्याच पुस्तकाच्या २० व्या अध्यायात तो खडकासमोर उभा राहून विचारतो, "या खडकातून आम्ही तुमच्यासाठी पाणी काढावं काय?" देवाने खडकाशी बोलायला सांगितलं होतं. त्याने काठीने दोनदा मारलं. त्या "आम्ही"मध्ये देवाचं नाव नाही. अध्यायाची सुरुवात वाचा: बहीण मिर्याम वारलेली, पाणी नाही, लोक भांडायला उठलेले. तिथे कोणी त्याची स्तुती करत नव्हतं. श्रेय आपल्याकडे ओढलं जातं ते पुष्कळदा थकव्यात आणि रागात, "मी यांच्यासाठी एवढं करतो आणि यांना किंमत नाही" असं वाटू लागतं तेव्हा. हे वाक्य मनात वारंवार येत असेल तर सेवेची एक जबाबदारी काही काळ दुसऱ्याकडे द्या आणि विश्रांती घ्या. फक्त जास्त प्रार्थना करून हे सुटेल असं मानू नका.

"प्रभूने मला सांगितलं" हे शब्दही जपून वापरा. निर्णय तुमचा असेल तर "विचार आणि प्रार्थना करून मला असं वाटतं" म्हणा. देवाचं नाव पुढे केलं की कोणी प्रश्न विचारू शकत नाही. श्रेय देवाला दिल्यासारखं दिसतं आणि अधिकार मात्र आपला वाढतो.

रोजच्या सवयींत दोन पुरेत. आठवड्यातून एक काम असं करा जे कोणालाच कळणार नाही (मत्तय ६:३), आणि ते साक्षीतही (मंडळीत आपला अनुभव सांगतानाही) सांगू नका. आणि चूक दाखवणारा एक माणूस ठरवून ठेवा. त्याने काही सांगितलं तर त्या दिवशी "धन्यवाद, विचार करतो" एवढंच म्हणा, खुलासा दुसऱ्या दिवशी, तोही गरज असेल तर.

लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यातला परूशीसुद्धा (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस) "हे देवा, मी तुझे आभार मानतो" असंच म्हणत सुरुवात करतो. त्याची प्रार्थना फसते ती दूर उभा असलेला जकातदार तुलनेला आल्यावर. तुमच्या उपकारस्तुतीत दुसरा वक्ता असा डोकावला, तर त्याचं नाव घेऊन त्याचा पुढचा संदेश चांगला व्हावा म्हणून प्रार्थना करा आणि भेटल्यावर त्याच्या बोलण्यातली आवडलेली एक नेमकी गोष्ट त्याला सांगा. सुरुवातीला हे कोरडेपणाने होईल. तरी करत राहा.